दंड उतरल्यावर

माझ्या नवऱ्याचे दंड बेलपाड्यात सगळ्यांना ठाऊक होते. जिममधल्या कुणाच्या तरी सांगण्यावरून तो टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घ्यायचा. मूल होत नव्हतं आणि उपासतापास मात्र माझ्या माथी. शेवटी पनवेलच्या डॉक्टरीणबाईंनी त्याचेच रिपोर्ट बघून समजावलं. बाहेरून हार्मोन येत राहिला की मेंदूला वाटतं, शरीरात भरपूर आहे. मग तो अंडकोषांना इशारा देणं थांबवतो आणि शुक्रजंतू बनणंही बंद पडतं. इंजेक्शनं सोडली की बहुतेकांचं हळूहळू पुन्हा सुरू होतं. त्यानं सोडली. दंड उतरले, चिडचिड वाढली.

त्याच दिवसांत जावेचं डोहाळजेवण होतं. मी ओटी भरायला पुढे झाले, तर चुलतसासूबाई म्हणाल्या, "तू नको." पंगतीत वाढणाऱ्या नवऱ्यानं वरणाची बादली खाली ठेवली.

"काकी, तिला आडवू नको. तिच्यात काय दोष नाय. सुया मी टोचून घेतल्या, माझंच बंद पडलंय."

मी ताठ मानेनं ओटी भरली. दंड दाखवणारे पुष्कळ पाहिले होते. चारचौघांत असं बोलणारा हा एकच.

जेवणानंतर नळापाशी जिममधले दोघं त्याला हळूच विचारत होते, ती डॉक्टरीण कुठे बसते.