मुळं कोणाची

ट्रॉली भरली होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता आणि अनुसया ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाला पाठ लावून बसली होती.

"ऊठ वो," मी म्हटलं.

"कायले उठू? माह्या पऱ्हाटीचा भारा खाली टाक, मंग पाहू."

पऱ्हाटी म्हणजे कापूस वेचून झाल्यावर शेतात उभी राहिलेली कपाशीची वाळकी झाडं. आमच्या भागात रीत अशी की मजूर बायांनी ती उपटून शेत मोकळं करून द्यायचं आणि मजुरीऐवजी पऱ्हाटीच घरी न्यायची. शेतकऱ्याचं शेत साफ होई, बाईच्या घरामागे वर्षाचं सरपण रचलं जाई. कोणी हे कुठे लिहून ठेवलं नव्हतं. माझ्या आईनं उपटली, मीही उपटली.

मग कळंब रोडला वीज प्रकल्प आला. त्याला बायोमास म्हणतात. काडीकचरा जाळायचा, पाण्याची वाफ करायची, वाफेवर चाक फिरवायचं, वीज तयार. आमच्याच जिल्ह्यात वणीकडे कोळसा निघतो, पण तो एकदा जाळला की गेला, आणि धूरही फार. पऱ्हाटी दरवर्षी उगवते. म्हणून सरकारला असे प्रकल्प हवे होते. मला त्यात वाईट काही दिसलं नाही, आजही दिसत नाही. मी चौथी शिकलेली. वजनाचा काटा वाचता येत होता आणि बायांवर माझा आवाज चालत होता, म्हणून कंपनीनं मला मुकादम केलं. पंधरा-वीस बाया घेऊन शेतं साफ करायची, माल ट्रॉलीत चढवायचा. बायांना रोजी मिळायची. पऱ्हाटी मात्र कंपनीची झाली, आणि तिचे पैसे शेतकऱ्याला.

शेत देवरावजींचं होतं. ते बांधावरून बोलले, "अनुसये, रोजी भेटून राह्यली ना तुले? मंग पऱ्हाटी कायची मागतं?"

"आजवर काहून देलती मंग?"

"आजवर कोणी घेत नव्हतं, म्हणून देलती. कापसाले भाव नाही. काडीचे चार पैसे येऊन राह्यले, ते बी सोडू काय?"

त्यांचंही खोटं नव्हतं. ती सालं कापूसवाल्यांना वाईट गेली. बोंडाचे पैसे खर्चात जात, हातात उरत ते या काडीचेच.

अनुसया माझ्याकडे वळली. "तुले काय, तुले पगार भेटते. पावसाळ्यात मी भाकर कायवर टाकू? रोजीच्या नोटा चुलीत घालू?"

पावसाळ्यात सरपण विकत मिळत नाही. जंगलात गेलं तर गार्ड कुऱ्हाड जप्त करतो. रेशनचं रॉकेल कंदिलालाच पुरत नाही. तिच्या घरी सात माणसं खाणारी आणि कमावणारी ती आणि तिचा नवरा. हे मला माहीत होतं. मी तिचा भारा ओढून खाली टाकला. तिनं तो डोक्यावर घेतला आणि चालू लागली. बाकीच्या बायांनी पऱ्हाटी उपटायचे लोखंडी चिमटे माझ्या पायाशी टाकले आणि तिच्या मागे गेल्या. दुसऱ्या दिवशी एकही आली नाही. तिसऱ्या दिवशी साहेबांचं बोलावणं आलं.

पाटणकर साहेब फ्युएल मॅनेजर. म्हणजे भट्टीला खायला आणून द्यायचं काम त्यांचं. पुण्याचे. माणूस बरा, फक्त झोप झालेली नव्हती.

"मावशी, ट्रॉल्या रिकाम्या येताहेत. रोजी वाढवू का?"

"वाढवा. पण त्यांना पैसे नकोत, सरपण पाहिजे."

"सगळेच सरपण मागायला लागले तर मी बॉयलर कशावर चालवू? आधीच तो बंद पडलाय." त्यांनी टेबलावरचा एक काळा गोळा माझ्यापुढे सरकवला. दगडासारखा जड आणि काचेसारखा चकाकणारा. "याला क्लिंकर म्हणतात. मुळांना माती चिकटून येते. ती भट्टीत वितळते आणि राखेबरोबर असे गोळे होतात. ते फोडायला माणसं आत उतरवावी लागतात. मुळं झटकून पाठवा, किती वेळा सांगितलं?"

"काळी माती आहे साहेब. वाळली की सिमेंट. झटकून जात नाही."

"मग तोडून टाका ना मुळं! मला नकोच आहेत ती."

"टाकू कुठे?"

"कुठेही टाका."

"आमच्या घरी टाकली तर चालेल?"

साहेबांनी विचारलं, "मुळं जळतात चुलीत?"

"वरच्या काडीपेक्षा जास्त वेळ जळतात. आणि मातीनं चुलीचं काही बिघडत नाही. चूलच मातीची आहे."

ते हसले. बऱ्याच दिवसांनी हसले असावेत, कारण लगेच खोकला आला.

आता देवरावजी राहिले. साहेबांना आणि अनुसयाला घेऊन मी त्यांच्या बांधावर गेले. त्यांना पैसे वजनावर मिळत.

"मूळ सगळ्यात जड," ते म्हणाले. "तेच तोडलं तर माह्या वजनात काय राह्यलं?"

साहेबांनी सांगितलं की मातीसाठी काट्यावर वजन कापलं जातंच, मुळं नसतील तर काही कापणार नाही. देवरावजींनी बोटांवर हिशोब केला, दोनदा केला. थोडं नुकसान दिसत होतं. मी म्हटलं, "देवरावजी, बाया नाही आल्या तर वखरणी कशी करसान? पऱ्हाटी उभीच राहील."

त्यांनी उभ्या पऱ्हाटीकडे पाहिलं. मग म्हणाले, "नेऊ द्या. पण मूळ म्हणजे मूळच. निम्मं झाड नाही."

"जमिनीपासून वर एक वीत," साहेब म्हणाले.

"वीत कोणाची?" अनुसयानं विचारलं.

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. ती म्हणाली, "माही धरा. उपटणारी मी आहो." आणि तिनं हात पसरून दाखवला. अनुसयाची बोटं पुरुषासारखी लांब. देवरावजी म्हणाले, "हे वीत आहे का हात आहे वो?" पण तेही हसले, आणि तीच वीत ठरली.

बाया परत आल्या. पऱ्हाटी उपटायची, कुऱ्हाडीनं मूळ तोडायचं, शेंडा ट्रॉलीत, मूळ बाईच्या भाऱ्यात. काम दीडपट झालं, त्याबद्दल साहेबांनी रोजी थोडी वाढवली. बॉयलरमधले गोळे कमी झाले, बंद झाले नाहीत.

अनुसयाच्या घरामागचा ढीग त्या वर्षी निम्माच झाला. पूर्वी वर्षभर पुरायचा, तो पोळ्यालाच संपला. ती माझ्याकडे आली. माझ्या वाट्याची मुळं तशीच पडून होती, ती मी तिला दिली. मला त्यांची गरज नव्हती. प्रकल्पाच्या पगारावर मी गॅस घेतला होता. तो गॅसही कोळशासारखा जमिनीच्या पोटातून निघतो, हे साहेबांनी मला नंतर सांगितलं.

प्रकल्पाची वीज आमच्या गावावरून तारांनी पुढे जायची आणि गावात लोडशेडिंग असायचं. तरी मी त्या विजेला नावं ठेवत नाही. पण शेतातल्या काडीला कचरा म्हणणाऱ्या प्रत्येक साहेबाला मी नोकरीभर एकच सांगत आले: कचरा म्हणण्याआधी तो कोणाच्या घरी जळतो ते पाहून या. पाहायला फार थोडे गेले.