बाळंतिणीच्या खोलीवरची मडकी

“ह्या खोलीत न्हाय,” म्हणत बायडाबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. त्यांच्या सुनेचं, मंगलचं आदल्या दिवशी जन्मलेलं बाळ डॉक्टरांच्या हातात होतं. ते तापलं होतं, दूध ओढत नव्हतं आणि आता रडायचंही थांबलं होतं. एप्रिल सरत आलेला, लाइट सकाळपासून गायब. मी आर्किटेक्ट. ज्या खोलीत बायडाबाई बाळाला नेऊ देत नव्हत्या ती माझीच, आणि अशाच बाळांसाठी बांधलेली.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. माझं ऑफिस बारामतीला आणि डॉक्टर सुलभाताईंचं छोटं प्रसूतिगृह शेळगावात. त्यांचा जुना वॉर्ड पत्र्याचा. दुपारी आत बसवत नसे. पंखे होते, पण लोडशेडिंगमध्ये पंखा म्हणजे छताला टांगलेली शोभा. आदल्या उन्हाळ्यात तिथे एक बाळ उष्म्यानं दगावलं होतं. तेव्हापासून मार्च लागला की सुलभाताईंची झोप उडायची. मला म्हणाल्या, “वैशाली, कूलर नको, एसी नको. लाइट नसताना गार राहील अशी एक खोली दे.”

दिली. स्लॅबच्या खालच्या भागातलं काँक्रीट फारसं काम करत नाही, तिथला ताण सळया घेतात. मग ते काँक्रीट वाया का घालवायचं? सळयांच्या मधल्या जागेत मातीची मडकी पालथी ठेवायची आणि वरून काँक्रीट ओतायचं. याला आम्ही फिलर स्लॅब म्हणतो. मडक्यात हवा कोंडते आणि कोंडलेली हवा उन्हाला सहजासहजी खाली उतरू देत नाही. गच्चीवर पांढऱ्या चुन्याचा हात दिला. वाऱ्याच्या बाजूला, सावलीत, खाली जाळी ठेवली आणि समोरच्या भिंतीत छताजवळ झरोके. गरम हवा वरून निघून जाते. छताला प्लास्टर मुद्दाम केलं नाही. खालून मडक्यांची गोल तोंडं ओळीनं दिसायची, आणि मला ती फार देखणी वाटायची.

खोली तयार झाली आणि कुणी फिरकेना. बायका यायच्या, वर बघायच्या आणि मुकाट्यानं पत्र्याखालची खाट धरायच्या. नव्याला बुजतायत, असं आम्ही दोघी समजत होतो. स्लॅब टाकताना गवंडीही काही बोलले नव्हते. त्यांना कुठं तिथं बाळंत व्हायचं होतं?

बोलल्या त्या बायडाबाई.

“आवं बाय, ही मयताची मडकी हायती. मानूस गेल्यावर म्होरं धरत्यात ती. ती पालथी घालून त्याच्याखाली माज्या सुनंला आन लेकराला निजवू व्हय?”

पुण्यात वाढले म्हणून काय झालं, मडकं कधी धरतात हे मलाही ठाऊक होतं. पण ड्रॉइंगवर मी वर्तुळं काढली होती. मडकी काढलीच नव्हती.

“मावशी, बाळाच्या अंगातलं पाणी कमी होतंय,” सुलभाताई म्हणाल्या. “पत्र्याखाली ठेवलं तर संध्याकाळपर्यंत काही खरं नाही.”

“मी प्लास्टर करून घेते,” मी म्हणाले. “मडकी दिसणार नाहीत.”

“झाकलं म्हंजी गेलं व्हय?” बायडाबाईंनी माझ्या पोटाकडे पाहिलं. मला नववा लागला होता. “कितवं तुजं?”

“पहिलंच.”

“बाळंतपन कुठं?”

“माहेरी. पुण्याला.”

“असं. म्हंजी आमच्या सुना मडक्याखाली, आन तू पुण्याला.”

सुलभाताई बायडाबाईंकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. बाळाचे ओठ कोरडे पडले होते. मी खोलीत पाऊल टाकलं आणि वर पाहिलं. कालपर्यंत ती वर्तुळं होती. आता ती उघडी काळी तोंडं होती आणि सगळी खाली, माझ्याकडे वळलेली. मला भीती वाटली. शिकलेली बाई, उष्णतेचं गणित पाठ असलेली, पण हातपाय गार पडले. त्यात खोलीच्या गारव्याचा काही संबंध नव्हता.

“मी इथंच बाळंत होईन,” मी म्हणाले.

“पोटाला हात लावून सांग.”

मी पोटाला हात लावला. आत बाळ हललं. तसंच पुन्हा एकदा बोलले. बायडाबाई बाजूला झाल्या.

आम्ही बाळाचं अंग ओल्या फडक्यानं पुसत राहिलो. मंगल दूध काढून द्यायची आणि सुलभाताई चमच्यानं थेंब थेंब पाजायच्या. बायडाबाई उंबऱ्यातच उभ्या होत्या. बाळाकडे नाही, छताकडे बघत. जणू नजर हटवली तर वरून काहीतरी खाली उतरेल. उन्हं कलली तेव्हा बाळानं आधी बारीक कुरकुर केली आणि मग भोकाड पसरलं. मंगल त्याला पोटाशी घेऊन रडली. मीही रडले, पण माझं रडणं निव्वळ सुटकेचं नव्हतं.

एसटीडी बूथवरून आईला फोन लावला. “मडक्याखाली?” ती किंचाळली. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. नवऱ्यानं “निदान प्लास्टर तरी कर,” म्हणून पाहिलं. पण शब्द मडक्यांखालचा दिला होता. झाकली असती तर मी घाबरले असं झालं असतं. आणि मी घाबरलेलीच होते. रोज रात्री ती तोंडं डोळ्यांसमोर यायची.

मृगाच्या आधी, ऐन काहिलीत माझे दिवस भरले. लाइट अर्थातच नव्हती. कळा सुरू झाल्या आणि माझी नजर आपोआप वर जाऊ लागली. तेवढ्यात कुणीतरी माझी हनुवटी धरून तोंड बाजूला वळवलं. बायडाबाई होत्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

“वर बगू नगंस. माज्याकडं बग.”

मी त्यांच्याकडे बघत राहिले. मुलगी झाली, धडधाकट. पत्र्याच्या वॉर्डातल्या खाटा हळूहळू नव्या खोलीत सरकल्या.

त्यानंतर मी बरेच फिलर स्लॅब टाकले, पण मडक्यांऐवजी मंगलोरी कौलांचे. खोली तशीच गार राहते. आणि ड्रॉइंगला हात लावण्याआधी एक प्रश्न विचारते: इथं आडवं कोण पडणार? बसलेला माणूस समोर बघतो, आडवा पडलेला वर.

शेळगावचं ते छत अजून उत्तम आहे. पाहायला आलेल्या विद्यार्थ्यांना मी त्याखाली उभं राहून सगळं समजावून सांगते. बोट वर करते. मान वर करत नाही.