दाते, गिअर आणि दाजी

जगातल्या कुठल्याही दुखण्यावर मोटारसायकलीच्या मागच्या चाकावर चेन ज्यावर चढते त्या चक्कराचे दाते कमी-जास्त करणं हाच उपाय आहे, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला. तो म्हणजे चौसाळ्याजवळच्या खेड्यात दिलेल्या माझ्या चुलत बहिणीचा, अक्काचा नवरा, आमचे दाजी. गावच्या सहकारी दूध संस्थेत ते मशिनवर दुधाची फॅट मोजायचे आणि उरलेला सगळा जीव त्यांच्या जुन्या गाडीत. जेवायला बसले तरी ताटातली भाकरी फिरवत सांगायचे, "पावणं, मागचं चक्कर मोठं बसवलं की गाडी उठती झटक्यात, पन पुढं पळत न्हाई. बारकं बसवलं की पुढं लई पळती, पन उठतानाच रडती." तोवर कालवण गार व्हायचं आणि अक्का मुकाट्यानं ते पुन्हा चुलीवर ठेवायची.

दुष्काळात गावचा तलाव आटला आणि दाजींना आयतंच सरळ, सपाट मैदान मिळालं. रविवारी तरणे गडी तिथं दोन-दोन गाड्या शेजारी लावून एका दमात पार बांधापर्यंत पळवायचे. पन्नाशीतले दाजीही डोक्याला रुमाल बांधून त्यांच्यात उभे राहायचे आणि दर वेळी हरायचे. दात्यांचं गणित बरोबर असायचं, पण इंजिन जरा ओरडलं की त्यांचा जीव कळवळायचा आणि वेळेआधीच वरचा गिअर पडायचा. गाडी मलूल व्हायची, गडी पुढं निघून जायचे. एकदा अक्कानं बांधावर उभं राहून इंजिनाचा आवाज ऐकला आणि म्हणाली, "अहो, म्हशीनं पान्हा सोडायच्या आतच तुमी उठताय." पुढच्या रविवारी ती पदर खोचून मागं बसली. "तुज्या वजनाला बारकं चक्कर पुरायचं न्हाई," म्हणत दाजींनी सगळ्यांदेखत मोठं चक्कर चढवलं, त्यामुळे ती बोलत नव्हती. पण नेमक्या क्षणी खांद्यावर थाप मारत होती. थाप पडली की गिअर. त्या दिवशी दाजी एका कोऱ्या करकरीत गाडीच्या पुढं पोचले, आणि उतरताना अक्का हसली.

मग चारा संपला. म्हशी आधी छावणीत गेल्या, नंतर बाजारात. दूध आटलं तशी संस्थाही बंद पडली. नातवाला सांभाळायला अक्का पुण्याला लेकाकडे गेली. संस्था आज ना उद्या सुरू होईल म्हणून दाजी मागं राहिले. रोज सकाळी कुलूप उघडून फॅटचं मशिन पुसायचे आणि परत कुलूप लावायचे.

मी गेलो तो रविवार होता. दाजींनी गाडी अंगणात स्टँडवर घेतली, अक्काला फोन लावला, स्पीकर चालू करून तो टाकीवर ठेवला आणि गाडी चालू केली. मागचं चाक अधांतरी फिरू लागलं. "थांबा," फोनमधून अक्काचा आवाज आला. इंजिन ओरडू लागलं, दाजींचा चेहरा कसनुसा झाला. "अजून थांबा. हां, आता टाका." असे सगळे गिअर झाले.

गाडी बंद करून दाजींनी विचारलं, "कवा येतीस?"

तिकडं नातू रडत होता. तिला ऐकू गेलं नसावं.

दाजींनी पुन्हा विचारलं नाही. "लेकराला घे," एवढंच म्हणाले, आणि तिकडून फोन बंद होईपर्यंत तो कानाशी धरून उभे राहिले.