कॉम्प्युटरमधलं बाजरीचं पीठ

माझ्या मुलीच्या कॉम्प्युटरमधून मी एकदा अडीचशे ग्रॅम बाजरीचं पीठ काढलं. (वजन अंदाजे नाही. चार गिऱ्हाइकांसमोर काट्यावर केलेलं आहे.)

तळेगाव ढमढेऱ्यात आमची पिठाची गिरणी आहे. पुढे गिरणी, मागे घर. मागच्या खोलीत सायलीचा गेमिंग कॉम्प्युटर. दोन वर्षं शिकवण्या घेऊन एकेक भाग जमवत तिने तो स्वतः जोडला होता. पेटीला एका बाजूने काच, आत रंगीत दिवे आणि चांगले पाच पंखे! तिच्या टीममध्ये दौंडच्या दोघी आणि वरवंडची एक, सायली कॅप्टन. चौघी मिळून पहिल्यांदाच एका स्पर्धेच्या फायनलला पोचल्या होत्या.

अडचण एकच होती. खेळ रंगात आला की पंखे असे घोंघावायचे की दौंडच्या पोरींना तिचं बोलणंच ऐकू जायचं नाही.

"आप्पा, आत पिठाची धूळ बसलीय," सायली म्हणाली. "पुढनं गार हवा आत जाती आन् मागनं गरम बाहेर पडती. धुळीनं वाट बंद झाली की पंखे वरडत्यात. जाळीचा फिल्टर मागवलाय, पन तो फायनलनंतर येणार."

मला हसूच आलं. हवा सोडायची आणि पीठ अडवायचं, हेच तर मी तीस वर्षं करतोय! गिरणीच्या तोंडाला कापडाची लांब पिशवी बांधलेली असते. हवा कापडातून निघून जाते, पीठ डब्यात पडतं. जगाने कसले कसले फिल्टर काढले असतील, पण आमचा शोध जुना.

सायली शिरूरला कॉलेजात गेली, तसा मी कामाला लागलो. कॉम्प्युटरची पुढची जाळी काढली, गिरणीची जुनी पिशवी फाडून तिची दुहेरी घडी आत बसवली आणि जाळी परत लावली. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं. बायकोने, मंगलने, पोरीला विचारलं का म्हणून दोनदा टोकलं. मी म्हटलं, आधी गुण येऊ दे, मग सांगू. संध्याकाळी सायलीने पाच मिनिटं मशीन लावून बघितलं आणि आज आवाज कमी येतोय म्हणून खूश झाली. मी नुसतं मिशीत हसलो.

फायनल दुसऱ्याच दिवशी, नेमकी बाजारच्या दिवशी, सकाळी अकराला. पोरीला आवाजाचा त्रास नको म्हणून मी त्या दिवशी गिरणी बंद ठेवली. बाहेर डब्यांची रांग लागली, बाया कुरकुरू लागल्या. सगळ्यात पुढे ठकूआजी, बाजरीचा डबा मांडीशी घेऊन बसलेल्या. मी सगळ्यांना तासभर थांबा म्हणून विनवत होतो, तेवढ्यात आतून घरघर सुरू झाली आणि वाढतच गेली.

"बंद हाय म्हन्तोस आन् आत कुनाचं दळतोस रं?" ठकूआजींनी विचारलं.

ती गिरणी नाही, कॉम्प्युटर आहे, हे त्यांना कितीही सांगितलं तरी पटेना. शेवटी घरघर एकदम थांबली. बघा, गार झाला म्हणून मी छाती काढून सांगितलं आणि पोरीचं कौतुक बघायला आत गेलो.

पडदा काळा. दिवे बंद. कानाला हेडफोन लावलेली सायली पुन्हा पुन्हा बटण दाबून बघत होती. मोबाइलवर दौंडची पोरगी रडवेल्या आवाजात कॅप्टन कुठे गेली म्हणून विचारत होती. मॅच हातची गेली होती.

सायलीने काच उघडली आणि पांढरा लोट तिच्या तोंडावर आला. पंखे पांढरे, वायरी पांढऱ्या, तिच्या भुवया पांढऱ्या! खोलीभर खरपूस वास सुटला. मंगल दारातच थिजली.

"आगं बया, भाकरी भाजल्यावानी वास येतुया!"

सायलीने जाळी काढली आणि कापड बाहेर ओढलं. मी हादरलो. पिशवीची आतली बाजू मी सवयीने आतच ठेवली होती. तीस वर्षांचं पीठ त्याच बाजूला बसलेलं. पंख्यांनी ते सगळं ओढून घेतलं होतं आणि दुहेरी घडीने गार हवेची वाट बंद केल्यामुळे मशीन तापून बंद पडलं होतं. लेकीकडे बघायची माझी हिंमत होईना. मान वळवली, तर मागे सगळी रांग उभी.

ठकूआजींनी पुढे होऊन पंख्यावर बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

"बाजरीच हाय. माझीच आसंल. मागल्या बाजारी दळान कमी भरलं व्हतं."

मग वजन झालं. अडीचशे ग्रॅम! आजी ते डब्यात घालून घेऊन गेल्या.

कॉम्प्युटर वाचला. सायलीने दोन दिवस ब्रशने एकेक पंखा साफ केला, मला मात्र पेटीला हात लावू दिला नाही. तिसऱ्या दिवशी ती गिरणीत आली.

"आप्पा, बाजारच्या दिशी माझ्यासाठी गिरनी बंद ठिवलीत, लई बरं वाटलं. पन पुढच्या मॅचला चालू ठेवा."

"आन् आवाज?"

"आवाजाचं मी बघते."

पुढच्या मॅचच्या सकाळी तिने आळीतल्या सात घरचं दळण स्वतः गोळा करून माझ्यापुढे मांडलं, मी पट्टा चढवून गिरणी सुरू करेपर्यंत तिथेच उभी राहिली आणि मग आत जाऊन खोलीला कडी लावली.

त्या दिवशी त्या जिंकल्या.