बागेबाहेरचा नारळ

समस्त आप्तेष्ट, शेजारी आणि आमच्या गल्लीतली कायमस्वरूपी चौकशी समिती यांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येतं, की मी नर्मदेकाठची ती प्रसिद्ध फुलांची बाग पाहिलेली नाही. मी तिथे गेले होते. तिकीट काढलं होतं. फाटकापर्यंत पोचले होते. वाससुद्धा आला होता. फूल मात्र एकही पाहिलं नाही. तरी ज्यांनी ज्यांनी फोटो मागितले आहेत, त्यांनी कृपया आता थांबावं. माझ्याकडे त्या दिवसाचा एकच फोटो आहे आणि त्यात नारळ आहे.

झालं असं, की आमच्या दीपालीने स्वतःचं लग्न स्वतःच जमवलं. मुलगा अक्कलकुव्याचा, नाव निखिल, नोकरीला चांगला, स्वभावाने त्याहून चांगला. उरले होते फक्त आम्ही, म्हणजे दोन्हीकडचे आईवडील. आणि त्यात निखिलचे वडील म्हणजे निवृत्त शिक्षक. सगळे त्यांना सरच म्हणतात, त्यांची बायकोसुद्धा. सरांनी मोबाईलवर अटी पाठवल्या. मुद्दा एक : घरी बोलावणं नाही, पोह्यांची बशी नाही, बागेत भेटू. मुद्दा दोन : तिकीट ज्याचं त्याने काढावं. मुद्दा तीन : मानपान अजिबात नाही. टोपी नाही, टॉवेल नाही, नारळ नाही. यांतलं काही दिसलं तर मी उठेन.

ही नुसती धमकी नव्हती. त्यांच्या थोरल्या मुलाच्या वेळी तळोद्याकडच्या एका घरी मुलीच्या काकांचा हात टोपी घेऊन सरांच्या डोक्याकडे निघाला, तसे सर अर्धा कप चहा तसाच ठेवून उठले आणि मिळेल त्या एसटीने घरी आले. ते लग्न तिथेच संपलं.

"आई," दीपाली मला म्हणाली, "मुद्दा तीन पुन्हा वाच."

"वाचला."

"मोठ्याने वाच."

मी मोठ्याने वाचला. शपथसुद्धा घेतली. आणि त्याच दिवशी दुपारी बाजारात जाऊन टोपी, टॉवेल आणि नारळ घेऊन आले.

(मला बोल लावण्याआधी माझी बाजू ऐका. माझ्या साखरपुड्याला माझे वडील नारळ घरी विसरले होते. एक नारळ. पुढे सासूबाई सव्वीस वर्षं जगल्या आणि सव्वीस वर्षांत भाजी खारट झाली तरी, म्हैस आटली तरी, "नारयबी नही आनेल व्हता", म्हणजे नारळसुद्धा आणला नव्हता, या वाक्यानेच निकाल लागायचा. आमच्याकडे व्याह्याला पहिल्यांदा भेटायचं आणि रिकाम्या हाताने? माझ्या मुलीच्या नशिबी ते वाक्य यायला नको होतं. द्यायचा नव्हताच नारळ. पण वेळ आलीच, तर जवळ असावा, एवढंच.)

आमच्या शहाद्याहून रविवारी एक शटल बस सुटते. सकाळी शहादा, मग तळोदा, अक्कलकुवा, तिथून गुजरातेत शिरून डोंगरातल्या वळणांनी थेट बाग, आणि संध्याकाळी परत. सर, त्यांच्या पत्नी माई आणि निखिल अक्कलकुव्याला चढणार होते. मी नारळ-टोपी-टॉवेल थैलीच्या तळाशी ठेवून वर पुऱ्यांचा आणि शेव-चिवड्याचा डबा ठेवला. दीपालीने डब्याची झाकणं उघडून पाहिली. तळ पाहिला नाही. तिला वाटलं, आई शपथ पाळेल. पोरगी बापावर गेली आहे.

बाप, म्हणजे आमचे अप्पा, पाण्याच्या मोटारींचं रिवायंडिंग करतात आणि माणसांपेक्षा मोटारींशी जास्त बोलतात. त्यांनी थैली उचलून बसमध्ये ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"थैलीमा काय शे?"

"पुऱ्या."

"पुऱ्या इतल्या जड?"

"तेल जास्त व्हयनं."

अप्पांनी थैलीवरून हात काढला. बिघाड कुठे आहे हे त्यांना लांबूनच कळतं. उघडायचा की नाही, एवढंच ते ठरवत असतात.

बस सुटायला दोन मिनिटं असताना शेवटची प्रवासी चढली आणि मी पायाने थैली सीटखाली सरकवली. कापड दुकानवाली भाभी! तीन पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेलं घर. मनाने सोनं, आणि आवाज गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. आदल्या दुपारी टोपी-टॉवेल मी तिच्याच दुकानातून घेतले होते.

"काय ताई," ती बरोबर माझ्या मागच्या सीटवर बसून म्हणाली, "कालचं ते सामान पसंत पडलं ना?"

दीपालीची मान वळली. "कसलं सामान?"

"पायपुसणं," मी म्हणाले. आणि भाभीचं तोंड बंद करायचा एकच मार्ग माझ्यापाशी होता. थैलीची चेन उघडली, चिवड्याचा डबा काढला आणि तिच्या मांडीवर ठेवला. "खा भाभी. सगळा खा."

अक्कलकुव्यापर्यंत भाभी खात होती आणि मी तिचे घास मोजत होते. तिथे सर चढले. उंच, ताठ, डोक्यावर एकही केस नाही, शर्टाच्या खिशात दोन पेनं. मी जपून ठेवलेली शाळेतली मराठी बाहेर काढली. "नमस्कार. आपला प्रवास सुखाचा होवो."

"आत्ता तर बसलो," सर म्हणाले. त्यांनी आमचे हात पाहिले, रिकामे आहेत अशी खात्री केली आणि सगळ्यात पुढच्या सीटवर माईंशेजारी बसले. निखिल दीपालीच्या मागे. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं, की मला स्वतःचा अभिमान वाटू लागला.

चेन लावायची राहिली आहे, हे मला पहिल्या उतारावर कळलं.

ड्रायव्हरने ब्रेक दाबला. थैली आडवी झाली. गड्‌, गड्‌, गड्‌ असा आवाज सीटखालून पुढे निघाला. मी पाय आडवा घातला, नारळ पायाला वळसा घालून गेला. वळण आलं, तसा तो डावीकडे गेला. दुसरं वळण आलं, तसा उजवीकडे. एका आजोबांनी दोन्ही पाय वर घेतले. मी मनातल्या मनात त्याला विनवलं, बाबा, कुणाच्याही पायाशी थांब, फक्त पहिल्या सीटपाशी जाऊ नकोस. नारळ रस्ता पाठ असल्यासारखा मधल्या वाटेने सरळ गेला आणि सरांच्या उजव्या चपलेला टेकून थांबला.

सरांनी खाली पाहिलं. नारळ उचलला. शेंडीसकट होता, पूजेचा. भाभीचं चावणंसुद्धा थांबलं.

"हा कुणाचा?"

दीपालीने माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. सर सीटवरून अर्धे उठले होते. फक्त अर्धे, पण उठलेच होते.

"नर्मदामाईचा," मी म्हणाले. कुठून सुचलं देव जाणे. "पुलावरून वाहायचाय. माझा नवस आहे."

सर हळूहळू परत बसले. मी श्वास सोडला. पण सर म्हणजे तत्त्वाचा माणूस. "नवसावर माझा विश्वास नाही," ते म्हणाले, "पण दुसऱ्याच्या श्रद्धेचा अनादर मी करत नाही. हा पुन्हा गडगडेल. पुलापर्यंत माझ्याकडे राहू द्या."

"अहो, मी धरते ना."

"आपल्याकडून तो आत्ताच सुटला आहे," सर म्हणाले.

परतीला बस दुसऱ्या रस्त्याने येते, आणि पूल त्या वाटेवर लागणार होता. म्हणजे ज्या माणसाला नारळ दिसता कामा नये असं ठरलं होतं, तोच आता दिवसभर नारळ मांडीवर घेऊन बसणार होता.

बागेशी आम्ही उतरलो. बस पार्किंगला निघून गेली, ती चार वाजता परत येणार होती. मुलं पुढे आत गेली. सर फाटकाशी पोचले, तर रखवालदाराने काठी आडवी धरली.

"चाचाजी, नारियल अंदर नहीं जाएगा."

"क्यों?"

"खाने का सामान मना है."

"यह खाने का नहीं, नदी का है."

"तो नदी पे ले जाइए."

मी म्हणाले, "सर, ठेवून द्या ना इथे कुठेतरी." सरांनी कचऱ्याच्या डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुमचा नवस इथे टाकू?" अप्पा म्हणाले, "मी बसस." मी म्हणाले, "मी बसते." सर ऐकेनात. परीक्षेला सुपरवायझर असल्यासारखे ते फाटकाबाहेरच्या सिमेंटच्या कट्ट्यावर बसले, ताठ, दोन्ही हातांत नारळ. "जबाबदारी मी घेतली आहे. तुम्ही फुलं पाहा."

आता फुलं कुणाला सुचणार? मी थैली अप्पांजवळ ठेवून फाटकातून दहा पावलं गेले, वास आला, मागे वळून पाहिलं, आणि तशीच परत आले. कट्ट्यावर सावली नव्हती. सरांचं डोकं आधी गुलाबी होतं, मग तांबूस, मग आमच्या गल्लीतल्या मारुतीसारखं झालं. माई त्यांच्याशेजारी पदराने वारा घालत होत्या.

"यांना ऊन सोसत नाही," त्या मला म्हणाल्या. "मागे एकदा झेंडावंदनात चक्कर येऊन पडले होते."

सर म्हणाले, "मी ठीक आहे," पण "ठीक"मधला "ठी" जरा जास्तच लांबला. त्यांचे डोळे मिटू लागले.

माझा हात थैलीत गेला आणि तिथेच थांबला. एका बाजूला मुलीचं लग्न. दुसऱ्या बाजूला मुलीचा सासरा. सासरा पडला तर लग्न कुणाशी बोलायचं? मी टॉवेल काढला, बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं आणि सरांच्या खांद्यावर टाकला. "ऊन लागतंय. घ्या." त्यांनी घेतला. पण डोकं तसंच तापत होतं. मी डोळे मिटले, टोपी काढली आणि त्यांच्या डोक्यावर ठेवली.

"कुणाची?" सरांनी विचारलं.

"अप्पांची."

अप्पांनी जन्मात टोपी घातलेली नाही. ते आपल्या भरगच्च केसांतून हात फिरवत दुसरीकडे पाहू लागले.

पाच मिनिटांनी सरांना बरं वाटलं. रंग उतरला, पाठ पुन्हा ताठ झाली. मी निश्चिंत होऊन समोर पाहिलं आणि मी काय करून बसले ते तेव्हा कळलं. डोक्यावर पांढरीशुभ्र टोपी, खांद्यावर नवा टॉवेल, हातात शेंडीचा नारळ. मांडवात बसवलेला व्याही यापेक्षा वेगळा दिसत नाही! आणि नेमकी त्याच क्षणी बागेतून भाभी बाहेर आली. मागोमाग आम्हाला शोधत दीपाली आणि निखिल.

"अरे वा!" भाभीने टाळीच वाजवली. "बघा ताई, कशी फिट्ट बसली. मी म्हटलं होतं ना काल दुकानात, व्याह्यांसाठी एक नंबर मोठीच घ्या!" आणि मोबाईल काढून तिने फोटोसुद्धा घेतला.

सरांनी टोपी काढली. आत दुकानाची चिठ्ठी तशीच होती. ती त्यांनी वाचली, पेपर तपासावा तशी.

"म्हणजे ही अप्पांची नाही."

"नाही."

"आणि नारळ? नर्मदेचा?"

"आता नर्मदेचाच आहे."

"आधी?"

"आधी तुमचा होता," मी म्हणाले.

"आई," दीपाली म्हणाली. एवढंच. तिने निखिलचा हात घट्ट धरला होता, सगळ्यांदेखत.

मग माझी शाळेतली मराठी संपली आणि घरची अहिराणी बाहेर आली. "सर, मन्हा बाप नारय इसरी गयथा. सव्वीस वरीस आयकं मी. ही पोरगीले कोनी तसं बोलाले नको, म्हनीसन नारय लई उनू. तुमले देनार नव्हतू. उन्हनी घात कया." बोलता बोलता डोळ्यांत पाणी आलं, आणि ते खरं होतं.

तेवढ्यात माई सरांशीच बोलल्या, पण त्यांच्याकडे न पाहता. "मन्हा बाप नारय लयना व्हता. टोपी लहान निंघनी. तुमनी मायनी ती टोपी दहा वरीस माले दखाडी." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तवपशी यास्नी मानपान बंद कया." म्हणजे मुद्दा तीन त्या लहान टोपीतून आला होता.

आता सगळ्यांच्या नजरा सरांच्या हातातल्या टोपीवर होत्या. सरांनी ती उलटी केली, सुलटी केली, आणि डोक्यावर ठेवली. चाचपून पाहिली. खरंच फिट्ट होती.

आणि सर उठले.

पूर्ण उठले. दीपालीने डोळे मिटले. अप्पांनी, आयुष्यात पहिल्यांदा, माझ्या खांद्यावर हात ठेवला. मुद्दा तीन माझ्या डोळ्यांसमोर अक्षरन्‌ अक्षर नाचत होता. सर दोन पावलं चालून माझ्यासमोर आले, दिवसभर शुद्ध मराठी बोललेला तो माणूस, आणि नारळ माझ्या हातांत कोंबून अख्ख्या फाटकाला ऐकू जाईल असं म्हणाला,

"इहीनबाई, धरा तुमना हाऊ नारय आनि बठा आठे! मन्हं तिकीट वाया जाई ऱ्हायनं, माले फुलं दखू द्या!"