ब्रिंडिसीचे दोन खांब

रोमहून निघालेला प्राचीन आपियन रस्ता इटलीच्या टाचेपाशी, ब्रिंडिसी बंदरात संपतो. हे मला लहानपणापासून पाठ आहे, कारण आई तालुक्याच्या शाळेत इतिहास शिकवायची. आधी सैन्यासाठी बांधला, मग व्यापारी आले, शेवटी दगडांवरून मेंढरं चालली, हे सांगताना तिचा आवाजच बदलायचा. स्वतः मात्र ती कधी महाराष्ट्राबाहेर गेली नव्हती.

मी मरीन इंजिनिअर झालो आणि एकदा आमचं जहाज ब्रिंडिसीला लागलं. "रस्ता संपतो तिथे जाऊन माझ्यासाठी दोन मिनिटं उभा राहा," आई फोनवर म्हणाली. इंजिनवाल्यांना बंदरात सुट्टी म्हणजे कपिलाषष्ठीचा योग. डेकवाले फिरतात, आम्ही पंप उघडून बसतो. तरी चार तास मिळाले. ते मी खलाशांच्या क्लबात फुकटच्या वायफायवर क्रिकेट बघण्यात घालवले. आईला ठोकून दिलं, "दोन्ही खांबांच्या मधोमध उभा होतो." तिच्या पुस्तकात तसं जुनं चित्र होतं.

आता मी परदेशात, तुआसला जहाजदुरुस्तीच्या यार्डात आहे आणि आई त्याच शहरात बुकित पंजांगला आमच्याकडे राहते. परवा मुलीला शाळेतून रोमन रस्त्यांचं प्रोजेक्ट मिळालं.

"बाबा, यू वेंट देअर, व्हॉट. टेल मी लाह!" इथल्या इंग्रजीत ती मागे लागली, तुम्ही तर गेला होतात, सांगा ना.

मी तोंड उघडायच्या आत आईच सांगू लागली. रस्त्याच्या टोकाशी दोन खांब होते; त्यातला एक काही शतकांपूर्वी कोसळला, त्याचे तुकडे शेजारच्या गावाला दिले. आता एकच उभा आहे. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

मुलगी खाली खेळायला गेल्यावर मी म्हटलं, "आई, मी गेलोच नव्हतो."

"तेव्हाच कळलं मला. दमला असशील."

दमलो नव्हतो, हीच तर लाज. "डिसेंबरात दोघं जाऊ, तिकिटं काढतो," मी घाईघाईने म्हणालो.

"एलआरटीच्या स्टेशनापर्यंत जाताना गुडघे बोलतात माझे, आणि तू मला दगडांवर चालवणार!" ती हसली. मला हसू आलं नाही.

ब्रिंडिसीच्या आधी प्रत्येक बंदरातून मी फोन केला की ती मला खोदून खोदून विचारायची: काय पाहिलंस, माणसं कशी आहेत, जुनं काय उरलंय. ब्रिंडिसीनंतर तिने एकाही बंदराबद्दल विचारलं नाही. फक्त "जेवलास का?" म्हणायची. आणि मी समजत होतो, आई आता म्हातारी झाली.