रिटायरिंग

बुधवार पेठेत जुनी पुस्तकं विकणारे चाचा नसते, तर पुण्यातली नोकरी मी आपल्याच हातानं घालवली असती.

मी गडचिरोलीकडची. शाळा सातवीत सुटली. इथं शिवणाच्या कारखान्यात सहा महिन्यांच्या बोलीवर लागले. मुदत भरली तेव्हा मॅडमनी माझ्याबद्दल लिहिलेला इंग्रजी कागद पुढे केला, "वाचा आणि सही करा." त्यात ओळखीचा वाटला तो एकच शब्द, रिटायरिंग. शेवटी 'इंग' आलं की काम चालू आहे, एवढं शाळेतलं लक्षात होतं. गोइंग, जात आहे. म्हणजे मला रिटायर करणं चालू होतं! मी दोन दिवस सही टाळली. तिसऱ्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "उद्या सही नाही झाली, तर मी दुसरी बाई बघते."

शब्द हातावर लिहून मी चाचांचं दुकान गाठलं. मुलीची पुस्तकं तिथूनच घ्यायची, तेवढीच ओळख.

"चाचा, मला रिटायर करून राहिले जी."

"वय काय तुमचं?"

"एकतीस."

"मग क्रिकेट खेळता का?" म्हणत त्यांनी डिक्शनरी उघडली. "अहो, रिटायर म्हणजे मुळात मागे सरणं. फ्रेंचांकडून आलाय शब्द. चारचौघांत मागे मागे राहते ती रिटायरिंग. भिडस्त. आपला निवृत्त तरी काय? मागे वळलेलाच."

"पण इंग म्हणजे चालू ना?"

"स्वभाव चालूच असतो. त्याला रविवारची सुट्टी असते का?"

"आणि बाकीचा कागद?"

"तो मॅडमना विचारा. तोंड आहे ना? हेच ते तुमचं रिटायरिंग!"

सकाळी धीर करून विचारलं. मॅडम म्हणाल्या, "काम स्वच्छ, बाई भिडस्त, कायम ठेवावी, असं लिहिलंय मी. घाबरलात कशाला?" मी तिथंच सही केली.

आता दर शनिवारी चाचांकडून एक शब्द घेऊन येते. चार्मिंगच्या पोटात मंत्र आहे, हे परवा कळलं. बोरिंग म्हणजे कंटाळवाणं, असं ते म्हणाले, तेव्हा आमच्या गावच्या बोरिंगला तर गोड पाणी आहे, हे मी सांगितलं आणि ते डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले.

त्यांची लेक सोलापूरला असते. दुकान कुणावर सोडायचं, म्हणून दोन वर्षं ते गेलेले नाहीत. पुस्तकांच्या पाठीवरची इंग्रजी नावं मी अजून अडखळत वाचते. ती नीट जमली, की आठ दिवसांची रजा काढीन, चाचांना स्वारगेटला सोलापूरच्या गाडीत बसवीन आणि दुकान मी सांभाळीन.